होम प्लेट नेमकी कुठे होती? जर्सी सिटीच्या महापौरांना खुले पत्र

प्रति,
मा. महापौर,
जर्सी सिटी, न्यू जर्सी

विषय : रूझवेल्ट स्टेडियमच्या जागेवर सार्वजनिक खूण उभारणे आणि १८ एप्रिलची दखल घेणे

महोदय,

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. तेच पत्र मराठीत लिहिण्याचं कारण असं की, आपल्या शहरात आम्ही मराठी बोलणारी पुष्कळ माणसं राहतो. कुणी नोकरीसाठी आलं, कुणी लग्न होऊन आलं, आणि आता आमची मुलं इथल्याच शाळांत शिकतात. आमच्यातले कितीतरी जण रूट ४४० वरून रोज ये-जा करतात. त्या रस्त्याच्या कडेला, डॅनफर्थ ॲव्हेन्यूच्या टोकाला, नेवार्क बेच्या काठावर १९४६ साली काय घडलं हे आम्हाला माहीत नसतं. मी या शहरात येऊन बारा वर्षं झाली तरी मलाही माहीत नव्हतं. माझ्या लेकाने सांगितलं तेव्हा कळलं.

तो पाचवीत असताना शाळेत जॅकी रॉबिन्सनवर, म्हणजे वर्णबंदी मोडून अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत उतरलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूवर, प्रकल्प होता. रात्री जेवणं झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, ब्रुकलिन नंतरचं आहे. पहिली मॅच इथे झाली, आपल्याकडे." मी म्हटलं, "इथे म्हणजे कुठे?" तर त्याने नकाशावर बोट ठेवलं ते आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. पुढच्या रविवारी आम्ही दोघं तिथे गेलो. हातात एका जुन्या फोटोची प्रिंट होती. समोर घरांची वसाहत होती, गेट होतं, आत नीट कापलेलं गवत, लावून ठेवलेल्या गाड्या. खाडीवरून गार वारा येत होता. लोकांची घरं आहेत, आत शिरणं बरं दिसलं नसतं, म्हणून आम्ही बाहेरच्या पदपथावरच थांबलो. त्या दिवसाची आठवण देणारं काही तिथे माझ्या नजरेस पडलं नाही. आत कुठे पाटी असलीच, तर ती माझ्यासारख्या रस्त्याने जाणाऱ्या बाईला दिसत नाही. मुलाने फोटो चारी बाजूंना फिरवून पाहिला आणि विचारलं, "होम प्लेट नेमकी कुठे होती?"

होम प्लेट म्हणजे बेसबॉलमध्ये बॅटर जिथे उभा राहतो आणि फेरी पूर्ण करून धाव मिळवायला जिथे परत येतो ती जमिनीतली पाटी. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

महोदय, आपल्याला हा इतिहास ठाऊक असेल. पण शहराच्या प्रमुखाला ठाऊक असणं वेगळं आणि शहराला ठाऊक असणं वेगळं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रूझवेल्ट स्टेडियम उभं राहिलं ते महामंदीच्या काळात. हाताला काम नसलेल्या माणसांना काम द्यायचं म्हणून केंद्र सरकारने डब्ल्यूपीए ही योजना काढली होती. दुष्काळात आपल्याकडे रोजगार हमीची कामं निघायची, तशातलाच प्रकार. त्या योजनेच्या पैशांतून आणि मजुरांच्या हातांतून हे स्टेडियम बांधलं गेलं. १९३७ च्या एप्रिलमध्ये ते खुलं झालं आणि राष्ट्राध्यक्षांचं नाव त्याला मिळालं. आर्ट डेको शैलीची देखणी इमारत, चोवीस हजारांच्या आसपास बसायची सोय. महापौर होते फ्रँक हेग, ज्यांनी १९१७ ते १९४७ अशी तीस वर्षं या शहरावर सत्ता गाजवली. हेग यांच्या कारभाराबद्दल फारसं चांगलं कुणी लिहिलेलं नाही. मोसमाच्या पहिल्या सामन्याची तिकिटं शहराच्या नोकरांच्या गळ्यात मारली जायची, त्यामुळे विकलेली तिकिटं नेहमी खुर्च्यांपेक्षा कितीतरी जास्त असायची. तरी ही वास्तू शहराच्या घामाची होती, हेही तितकंच खरं. न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाचा दुय्यम संघ, जर्सी सिटी जायंट्स, १९३७ पासून १९५० पर्यंत इथे खेळला.

आता १८ एप्रिल १९४६ कडे येते. पण त्याआधी खाडीच्या पलीकडे बघायला हवं, म्हणजे त्या दिवसाचं वजन कळेल.

पलीकडे नेवार्क आहे. १८८७ साली नेवार्कच्या संघात जॉर्ज स्टोव्ही हा पिचर (गोलंदाज) आणि मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कॅचर (यष्टिरक्षकासारखा), असे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. त्याच वर्षी १४ जुलैला इंटरनॅशनल लीग या बेसबॉल स्पर्धेच्या संचालकांनी ठरवलं, की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. देशाच्या कायद्यात असं काही लिहिलेलं नव्हतं, मालकांनी आपापसात केलेला तो ठराव होता. पण काही वर्षांतच दार असं घट्ट बंद झालं, की पुढे जवळजवळ साठ वर्षं उघडलं नाही. कागदावर फारसं नसलेला पण सगळ्यांनी मुकाट पाळलेला नियम किती चिवट असतो, हे आम्हा महाराष्ट्रातल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही.

१९४६ साली ब्रुकलिन डॉजर्स या मुख्य स्पर्धेतल्या संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी रॉबिन्सनला आपल्या माँट्रियल रॉयल्स या दुय्यम संघात घेतलं. हा संघ त्याच इंटरनॅशनल लीगमधला. रॉबिन्सन सत्तावीस वर्षांचा होता. लष्करात अधिकारी असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून त्याच्यावर कोर्ट-मार्शल झालं होतं आणि त्यातून तो निर्दोष सुटला होता. फ्लोरिडात सराव सुरू झाला तेव्हा सॅनफर्ड गावात त्याला टिकू दिलं नाही. जॅक्सनव्हिलला सामना ठरला होता, तिथल्या लोकांनी मैदानाला कुलूप घातलं. तो सामना कुणाशी होता? आपल्याच जर्सी सिटी जायंट्सशी. म्हणजे फ्लोरिडात हे दोन संघ समोरासमोर येऊ शकले नाहीत, आणि काही आठवड्यांनी ते आले ते इथे, आपल्या शहरात. इथल्या मैदानाला कुणी कुलूप घातलं नाही. हे या शहराने अभिमानाने सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्या दुपारी ५१,८७३ तिकिटं विकली गेल्याची नोंद आहे. प्रत्यक्ष आत शिरलेली माणसं त्याच्या निम्म्याच्या आसपास होती, तरी स्टेडियम गच्च भरलं होतं. शाळकरी पोरं होती. हडसन ओलांडून आलेले कृष्णवर्णीय प्रेक्षक होते. रॉबिन्सनची पत्नी रेचल प्रेक्षकांत होती, तिला दिवस गेलेले होते. सेकंड बेसला, म्हणजे फेरीतल्या चार ठाण्यांपैकी दुसऱ्यापाशी, उभ्या असलेल्या या माणसाला स्वतःचं काळीज केवढ्याने ऐकू येत असेल, याची मी कल्पनाच करू शकते.

पहिल्या खेपेला तो साध्या फटक्यावर बाद झाला. तिसऱ्या डावात पुन्हा बॅट घेऊन आला तेव्हा दोन बेसवर त्याचे दोन साथीदार उभे होते. पिचर वॉरन सँडेलचा चेंडू त्याने लेफ्ट फील्डच्या कुंपणापलीकडे धाडला. याला होमरन म्हणतात. क्रिकेटवर वाढलेल्या आम्हा लोकांसाठी सांगायचं तर सणसणीत षटकार, पण एकाच फटक्यात तिघं घरी येतात असा. पुढे त्याने बंट करून, म्हणजे चेंडू जागच्या जागी हळूच टेकवून, धावत बेस गाठला. दोन बेस चोरले, म्हणजे फटका नसताना धावत पुढचा बेस गाठला. थर्ड बेसवर असताना तो असा पुढे-मागे नाचत राहिला, की पिचरचं लक्षच उडालं. पिचरने चेंडू टाकायला सुरुवात करून हालचाल अर्धवट सोडली तर तो बॉक ठरतो आणि बेसवरचा खेळाडू फुकटात एक बेस पुढे सरकतो. त्या दिवशी रॉबिन्सन दोनदा असा घरी आला. पाच खेपांत चार हिट, चार धावा. सामना रॉयल्सने १४-१ असा जिंकला, आणि तो आपल्या संघाविरुद्ध. तरीही टाळ्या पडल्या.

फोटोतला क्षण त्या होमरननंतरचा. रॉबिन्सन बेसना फेरी मारून होम प्लेटवर पोचतोय आणि पुढचा बॅटर जॉर्ज शूबा त्याचा हात हातात घेतोय. शूबा गोरा, ओहायोतल्या यंगस्टाउनचा, स्लोव्हाक आईबापांचा मुलगा. आज त्या फोटोकडे पाहिलं तर यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. होमरन मारणाऱ्याचा हात पुढचा बॅटर नेहमीच हातात घेतो. पण १९४६ साली, साठ वर्षांच्या बंदीनंतर, भरल्या मैदानात गोऱ्या माणसाने काळ्या साथीदाराचा हात हातात घेणं साधं नव्हतं. शूबा हसतोय, त्यात जरासुद्धा अवघडलेपणा नाही. मी तो फोटो मोठा करून पुष्कळ वेळ पाहिला आहे. पुढे शूबा डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीज खेळला, पण त्याच्या घरातल्या बैठकीत बेसबॉलची आठवण म्हणून भिंतीवर होता तो हाच फोटो.

महोदय, मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे एक गोष्ट आजही घराघरांत सांगतात. गंगाराम कांबळे नावाच्या अस्पृश्य समाजातल्या माणसाने भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा तिथे कुणी फिरकेना. राजर्षी शाहू महाराज आपली गाडी तिथे थांबवायचे, गंगारामच्या हातचा चहा घ्यायचे आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावायचे. त्याच्या काही वर्षं आधी पुण्यात, हिंदूंच्या क्रिकेट संघाचा सर्वांत भेदक गोलंदाज पळवणकर बाळू, तोही अस्पृश्य समाजातला, याला चहा मिळायचा तो पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडू त्याच्या हातून घ्यायला कुणाची हरकत नसायची, हरकत चहाला होती. म्हणून मला तो हस्तांदोलनाचा फोटो पाहिला की भाऊसिंगजी रोड आठवतो. हात आणि कप या छोट्याच गोष्टी आहेत, पण माणूस अडवला जातो तो तिथेच.

आणि आणखी एक. नदीपलीकडच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच १९४६ च्या जुलैमध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांपुढे जो अर्ज मांडत होते, त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. ड्यू बॉइस यांनी महिन्याभरात उत्तरही दिलं. रॉबिन्सनने इथे होमरन मारल्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. त्यामुळे ही जागा आमचीही आहे असं मी म्हणते, त्यात मला काही ओढूनताणून वाटत नाही.

त्या मैदानाची कहाणी एका दिवसाची नाही. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या मार्सेल सेर्दाँने टोनी झेलला हरवून मिडलवेटचं जगज्जेतेपद मिळवलं ते इथे. १९५६ आणि १९५७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने आपले घरचे पंधरा सामने इथे खेळले आणि मग ते लॉस एंजेलिसला निघून गेले. १९६० साली क्यूबातल्या क्रांतीनंतर हवानाचा शुगर किंग्ज संघ मोसमाच्या मध्यात उचलून आणला तो याच मैदानावर. १९७८ साली एकोणीस वर्षांचा रिकी हेंडरसन इथे खेळला. पुढे जाऊन बेस चोरण्याचा विक्रम करणारा हाच तो. सत्तरच्या दशकात ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या मैफली झाल्या.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. १९५६ साली रॉबिन्सन डॉजर्सबरोबर पुन्हा इथे आला तेव्हा जर्सी सिटीच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. हे शहर जायंट्सचं, त्यामुळे डॉजर्सवर राग, असं त्याचं कारण दिलं जातं. असेलही. पण टाळ्या सांगायच्या आणि हुर्यो लपवायची, असा इतिहास माझ्या मुलाला शिकवला जाऊ नये. जी पाटी उभी राहील तिच्यावर दोन्ही असावं.

१९८० च्या दशकाच्या मध्यात स्टेडियम पाडलं गेलं. खेळ गेला होता, इमारत मोडकळीला आली होती, शहराकडे पैसा नव्हता. पाडणाऱ्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. लोकांना घरं लागतात आणि तिथे आज सुखाने संसार चाललेत. पण स्टेडियम गेलं म्हणून जागाही विसरायची असं थोडंच आहे?

जर्नल स्क्वेअरला सुझन वॅग्नर यांनी घडवलेला रॉबिन्सनचा पुतळा आहे, तो सुंदर आहे. पाथ ट्रेनला जाता-येता मी त्याच्यासमोरून शेकडो वेळा गेले. तो इथे का आहे, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही, याची आज खंत वाटते. पुतळ्यावरून माणूस कोण ते कळलं, पण घटना कुठे घडली ते कळलं नाही. उलट यंगस्टाउनकडे पाहा. त्या गावाने २०२१ साली शूबा आणि रॉबिन्सनच्या हस्तांदोलनाचं शिल्प उभारलं. हस्तांदोलन झालं आपल्याकडे आणि त्याचं शिल्प मात्र सुमारे ४०० मैल दूर. त्यांनी केलं ते उत्तमच केलं, पण आपल्यालाही करता आलं असतं. आणि पॅटरसन तर तासाभराच्याही आत आहे. तिथलं हिंचलिफ स्टेडियम, जिथे न्यूयॉर्क ब्लॅक यँकीज हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ खेळायचा, पंचवीसेक वर्षं बंद पडून होतं. झाडंझुडपं माजली होती. पॅटरसनच्या लोकांनी नेट धरला, २०१३ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि २०२३ च्या मे महिन्यात तिथे पुन्हा बेसबॉल सुरू झाला. आमच्या मुलाला आम्ही तिथे घेऊन गेलो होतो. परतताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यांचं उभं तरी आहे."

माझं मागणं फार मोठं नाही. शहराच्या अभिलेखांत स्टेडियमचे नकाशे असतील. एखादा सर्व्हेअर ते आजच्या नकाशावर ठेवून होम प्लेट कुठे होती ते एका दिवसात काढू शकेल. ती जागा खासगी आवारात निघाली तर तिथल्या रहिवाशांशी बोलावं. त्यांची तयारी असेल तर जमिनीत एक कांस्याची प्लेट बसवावी, खऱ्या मापाची, सतरा इंच रुंदीची. त्यांना माणसांची वर्दळ नको असेल, तर तोही त्यांचा हक्क आहे. मग रूट ४४० च्या सार्वजनिक पदपथावर खूण करावी आणि होम प्लेट तिथून किती फुटांवर आहे हे बाणाने दाखवावं. शेजारीच बे-फ्रंटची सुमारे शंभर एकर जमीन, जी एके काळी क्रोमियमने नासली होती, ती साफ होऊन नवी वस्ती येतेय. तिथल्या उद्यानात एक छोटं बेसबॉलचं मैदान आखायला जागा निघेल. तिथल्या रस्त्यांची नावं ठरताना शूबा, रॉबिन्सन आणि त्या दिवशी रॉयल्सच्या संघात असलेला दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू जॉन राइट यांची आठवण व्हावी. राइटचं नाव तर कुणी घेतच नाही.

दुसरं काम मात्र थांबण्यासारखं नाही. त्या दुपारी जी मुलं दहा वर्षांची होती ती आज नव्वदीत आहेत. त्यांच्यातले काही जण अजून या शहरात असतील, वृद्धाश्रमांत, चर्चमध्ये, आपापल्या खिडक्यांत. शहराच्या वाचनालयाने त्यांच्यापर्यंत पोचावं आणि त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. यासाठी मोठा निधी लागणार नाही. एक रेकॉर्डर, चांगले प्रश्न विचारणारी दोन-तीन माणसं आणि वेळ लागेल. मी स्वतः शनिवार-रविवार द्यायला तयार आहे, आणि माझ्या ओळखीतल्या चार-पाच घरांनीही होकार दिला आहे.

आणि शाळा. साऱ्या देशात १५ एप्रिल हा जॅकी रॉबिन्सन दिन म्हणून पाळला जातो, कारण १९४७ च्या त्या दिवशी तो ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर डॉजर्सकडून उतरला. आपल्या शहराचा दिवस त्याच्यानंतर तीनच दिवसांनी येतो, आणि तो एक वर्ष आधीचा आहे. १८ एप्रिलला शहरातल्या प्रत्येक पाचवीच्या वर्गाने एवढं तरी ऐकावं, की हे आपल्या शहरात झालं. त्या वर्गांत आज गुजराती, तेलुगू, मराठी, अरबी, स्पॅनिश, टागालोग बोलणारी मुलं शेजारी-शेजारी बसतात. ही गोष्ट त्यांना कुणी न सांगताही आपलीशी वाटेल, निदान माझ्या मुलाला वाटली.

लहानपणी कुस्त्या नसतील अशा दिवशी माझे वडील मला कोल्हापूरच्या खासबाग मैदानात घेऊन जायचे. आम्ही वरच्या पायरीवर बसायचो. ते म्हणायचे, "इथं कुठंही बस, मधला आखाडा दिसतोच." रिकाम्या मैदानात लाल मातीकडे बोट दाखवून कोण कुठे आणि कसा जिंकला ते सांगायचे. मला कुस्तीतलं काही कळायचं नाही, पण जागा पक्की लक्षात राहिली. माझ्या मुलाला बोट दाखवायला मला इथे तेवढीशी जागा हवी आहे.

त्या रविवारी निघताना त्याने खिशातून खडू काढला आणि पदपथावर होम प्लेटची पाच कोनांची आकृती काढली. अंदाजाने काढली होती, पण सतरा इंच मात्र पट्टीने मोजले होते. येत्या १८ एप्रिलला दुपारी आम्ही काही कुटुंबं डॅनफर्थ ॲव्हेन्यू आणि रूट ४४० च्या कोपऱ्यावर तो फोटो आणि खडू घेऊन जमणार आहोत. सभा नाही, भाषणं नाहीत, रहदारीला अडथळा होणार नाही याची काळजी घेऊ. आपण यावं अशी विनंती आहे. शक्य झालं तर सर्व्हे विभागातल्या कुणाला तरी सोबत आणावं, म्हणजे या वेळी प्लेट योग्य जागी काढता येईल.

आपली,
जर्सी सिटीच्या वेस्ट साइड भागात राहणारी एक नागरिक